रंगपटातली भाऊबीज

बाबा, यंदाच्या दिवाळीत मी एकेकावर इतकी वैतागले की शेवटी वैताग काढायला घरात माणूस उरलं नाही, म्हणून तुमच्याकडे आले आहे. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. पण तुम्ही गेलात त्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली, आणि एवढ्या वर्षांनी तेवढी मुभा असावी असं मला वाटतं. कारण या सगळ्याचं मूळ तुम्हीच आहात. भाऊबिजेच्या संध्याकाळी नाटक करायचं हे खूळ तुमचं. नटांना रंगपटात जाऊन ओवाळायचं ही रीत तुमची. आणि नाटकाचं नाव काढलं की तुमच्या धाकट्या लेकाच्या कपाळाला आठ्या पडतात, ते कर्तृत्वही तुमचंच. तुम्ही लावून गेलात, निस्तरते आहे मी.

कारखान्याच्या कॉलनीतली ती दिवाळी आठवा. सगळी क्वार्टर्स आपल्यासारख्यांचीच. कुणी साताऱ्याकडचं, कुणी वऱ्हाडातलं, कुणी रावेर-यावलकडचं. माणसं इकडे मध्य प्रदेशात येऊन कागद करायला लागली आणि त्यांच्या बहिणी राहिल्या तिकडे गावाकडे. दिवाळीतसुद्धा कागदाचं मशीन थांबत नसे, पाळ्या लागलेल्याच, त्यामुळे भाऊबिजेला बहिणीकडे जाऊन येणं बहुतेकांना जमायचं नाही. मग ही माणसं सणाच्या दिवशी क्वार्टरच्या पायरीवर बसून नुसती विडी ओढत राहायची. ते तुम्हाला बघवेना. तुम्ही त्या संध्याकाळी नाटक ठेवलंत, आणि तिसऱ्या घंटेच्या आधी, क्लबाच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत, जिला तुम्ही मोठ्या रुबाबात रंगपट म्हणायचात, कॉलनीतल्या बायकांनी जाऊन रंगून बसलेल्या नटांना ओवाळायचं, असं ठरवून टाकलंत. तिथे कुणी कुणाची सख्खी बहीण नव्हती. ज्याच्यासमोर कुणी नसेल त्याच्यापुढे जिचे हात मोकळे असतील ती ताट घेऊन उभी राहायची.

ती खोली मला अजून लख्ख दिसते. लगदा खात्यातले काका पाटावर बसलेत. अंगात इंग्रज कलेक्टरचा कोट, तोंडावर गुलाबी रंगाची पुटं, ओठावर चिकटवलेल्या भुऱ्या मिशा. आई निरांजन ओवाळते आणि त्यांच्या कपाळावर कुंकवाचा ठसठशीत टिळा लावून वर अक्षता दाबते. रंगवणारा माणूस हताश होऊन म्हणतो, ‘अहो वहिनी, इंग्रजाला कुंकू?’ तो पुसायला फडकं उचलतो आणि तुम्ही त्याचा हात धरता. ‘ज्याला ओवाळलंय त्याचं कपाळ पुसायचं नाही,’ तुम्ही म्हणता. कलेक्टर तसाच रंगमंचावर जातो. मागून कुणीतरी विचारतं, ‘साहेब, बहिणीला काय घातलं?’ आणि काका चेहरा न हलवता उत्तर देतात, ‘हमारा बहन हमको मुफ्त में ओवाळता है.’ क्लब हसून लोळायचा बाकी राहतो. नाटक खरं तर गंभीर होतं, तुम्ही स्वतः लिहिलेलं. असीरगडाच्या पायथ्याच्या गावातली म्हातारी आपली विहीर सोडत नाही आणि कलेक्टर ती बुजवायला येतो. त्या कुंकवाने म्हातारीच्या रागाची पार माती झाली म्हणून तुम्ही पुढे आठवडाभर चरफडत होतात. पण पुढच्या वर्षीही तुम्ही कुणाचं कपाळ पुसू दिलं नाहीत.

हे झालं गोड. आता कडू ऐका. तुमची दुसरी रीत आवाजाची होती. माइक लावला की नट आळशी होतो म्हणायचात. मग आवाज शेवटपर्यंत पोचतो की नाही हे कळावं कसं, तर दिवाळीची सुट्टी लागली रे लागली की तुम्ही धाकट्याला तालमीला न्यायचात आणि क्लबाच्या पार शेवटच्या बाकावर बसवायचात. प्राथमिक शाळेतलं पोर. बाहेर बाकीची मुलं किल्ले करताहेत, टिकल्या फोडताहेत, आणि हा त्या बाकावर पाय लोंबकळत ठेवून बसला आहे. काम एकच. ऐकू आलं नाही की ओरडायचं, ‘आवाज!’ किती मोठ्या मोठ्या माणसांना त्याने त्या बाकावरून गार केलं. फोरमन असो की कारकून, तो कुणाची भीडभाड ठेवायचा नाही. तुम्ही त्याचं कौतुक करायचात, ‘माझा हा कान आहे’ म्हणून. कान आहे की मूल आहे, हे एकदाही तुमच्या मनात आलं नाही.

आणि मी. त्याच नाटकातली म्हातारीची नात मला करायची होती. मी तेव्हा जेमतेम सोळा वर्षांची. भूमिका पाठ होती, आरशासमोर करून झाली होती, रडण्याच्या जागी मला खरंखुरं रडू येत होतं. तुम्ही सगळ्यांच्या देखत मला उभं केलंत. मी पहिलं वाक्य म्हटलं. मागून आवाज आला, ‘आवाज!’ मी पुन्हा म्हटलं. पुन्हा ‘आवाज!’ माझा सख्खा भाऊ, सकाळी ज्याला मी तेल लावून आंघोळ घातलेली, तो एका वाक्यावरही मला सोडेना. मग तुम्ही विंगेतून बाहेर आलात आणि म्हणालात, ‘पोरी, तुझा आवाज दुसऱ्या रांगेतच बसकण मारतो.’ सगळे हसले. नातीची भूमिका स्टोअरवाल्यांच्या मुलीला गेली. दोन दिवसांनी तुम्ही बऱ्हाणपूरच्या बाजारातून पितळेची एक घंटा आणून माझ्या हातात ठेवलीत. ‘घंटा तू दे. घंटा चुकली की नाटक चुकतं.’ पुढे लग्न होईपर्यंत दर भाऊबिजेला मी तीन घंटा दिल्या. लोक म्हणायचे, काय मान आहे पोरीला. मान कसला, बाबा. ज्याला भूमिका मिळत नाही त्याच्या हातात देतात ती वस्तू.

आता यंदाचं. कॉलनीतली जुनी माणसं निवृत्त होऊन कधीच पांगली. मी लग्न होऊन इथे बऱ्हाणपुरात, केळी-कापसाच्या घरात आले त्यालाही जन्म लोटला. दिवाळीत गावातल्या मराठी मंडळाचे लोक एकत्र यायचे ते फराळ खायला आणि सेल्फी काढायला. उन्हाळ्यात एका लग्नात मला लगदा खात्यातले काका भेटले. पार वाकलेत, पण जीभ तशीच आहे. म्हणाले, ‘तुझ्या बापाचं नाटक बसव ना एकदा. मी मरायच्या आधी.’ मी हो म्हटलं. डोक्यात काय शिरलं कोण जाणे. विहीर बुजवू न देणारी म्हातारी मीच करणार असं ठरवलं. नात मागितली होती तेव्हा मिळाली नाही. आता आजी मिळाली, तीही माझी मीच घेतली म्हणून.

तालमींनी माझं रक्त आटवलं. कलेक्टर होणारा मुलगा धूलकोटहून यायचा, बँकेत आहे, तो आला की बाकीचे गायब. कापूस वेचणीचे दिवस, त्यामुळे पाटील होणारे गृहस्थ मजूर मिळाले की रानात आणि नाही मिळाले तर मजूर शोधायला देडतलाईकडे. नात करणारी मुलगी गोड आहे, पण तिला दर वाक्य मोठं वाटतं. ‘काकू, इतनी लंबी लाइन कोण बोलतं? थोडी शॉर्ट कर दो ना.’ मी म्हातारीचा शाप देत असते आणि ती मागे उभी राहून त्याचं रील काढत असते. हॉलवाला म्हणतो, लग्नाची बुकिंग आली तर तुमचं कॅन्सल. मंडळवाले म्हणाले, कॉलर माइक लावू, भाड्याने मिळतात. मी म्हटलं, लावायचे नाहीत. का, तर बाबांच्या नाटकात माइक नसतो. बाबा, तुमच्या एका हट्टापायी मी चार माणसांशी भांडले, आणि तुम्हाला ते कळणारही नाही.

ह्यांना मी एक दिवस म्हटलं, तुम्ही तरी येऊन मागे बसा, ऐकू येतं का सांगा. हे आले, बसले आणि डुलक्या काढायला लागले. केळीची गाडी भरून आलेले, त्यांना तरी काय बोलणार. उठल्यावर म्हणाले, ‘छान होतं.’ मी विचारलं, ऐकू आलं का? म्हणाले, ‘आलं असेल.’

पण या सगळ्यांपेक्षा माझा जीव एकाच गोष्टीत अडकला होता. धाकटा. तो इंदूरहून दिवाळीला येणार होता. तुम्ही गेल्यापासून त्याने कुठल्याही नाटकाचं तोंड पाहिलेलं नाही. दरवर्षी येतो, सकाळी घाईघाईत ओवाळून घेतो आणि संध्याकाळी बायकामुलीला घेऊन पिक्चरला जातो. मी मनाशी धरलं होतं की यंदा त्याला रंगपटात ओवाळायचं, तुमच्या रीतीने, तिसऱ्या घंटेच्या आधी. त्याला फोनवर सांगून ठेवलं होतं. तो ‘हां हां, बघू’ म्हणाला. तो हां हां म्हणाला तेव्हाच मला कळायला हवं होतं.

पाडव्याला दुपारी आला. रव्याचा दराबा पाहिजे, मावा जिलेबी पाहिजे, सगळं पाहिजे. मी स्वयंपाकघरात चकल्या तळत होते, हा ओट्याला टेकून गरम चकली फुंकत उभा. सहज सांगावं तसं म्हणाला, ‘ताई, उद्या संध्याकाळचे सगळ्यांचे टिकट करून टाकले मी. नव्या पिक्चरचे. तुझं पण आहे.’

‘उद्या नाटक आहे,’ मी म्हटलं.

‘मालूम आहे ना. पण तू किती वाजता मोकळी होशील? लेट शोचं करून देतो तुझं.’

‘मी नाटकात काम करते आहे. तुला रंगपटात ओवाळायचं आहे. तीन महिने सांगते आहे मी.’

‘सकाळी ओवाळ ना घरात. ओवाळायचंच आहे ना? रंगपट काय आणि किचन काय.’ मग दाराकडे बघून हळू म्हणाला, ‘नाटक कोण बघतं आता, बता.’

तेवढ्यात त्याची लेक आत आली. मोबाइल हातात, डोळे मोबाइलमध्ये. म्हणाली, ‘बुआ, प्ले की रिकॉर्डिंग कर लेना ना. हम बाद में आराम से देख लेंगे.’ मी झारा कढईत आपटला. तेल उडालं, माझ्याच हातावर. मग मी जे बोलले ते बोलले. मी म्हटलं, ओवाळीन तर रंगपटात, नाही तर यंदा ओवाळणार नाही. सकाळी माझ्या दारात पाट मांडला जाणार नाही. भावजय मधे पडली, तिलाही मी गप्प केलं. आणि मग तो बोलला, बाबा. इतकी वर्षं जे बोलला नव्हता ते.

‘तुला आठवतं का, बाबा मला पिक्चर दाखवणार होते,’ तो म्हणाला. ‘इथल्या शनवाऱ्याकडच्या टॉकीजमध्ये. दिवाळीला. पक्कं प्रॉमिस. मी नवा शर्ट घालून तयार. आणि मला घेऊन गेले कुठे? तालमीला. त्या बाकावर. म्हणे उद्या जाऊ. तो उद्या आलाच नाही, ताई. माझी एक दिवाळी सांग, जी त्या बाकावर गेली नाही. आता मी माझ्या पोरीला दर भाऊबीजला पिक्चर दाखवतो. कोणी मला रोकलं तर नाही चालणार.’

मला तो शर्ट आठवला. चौकड्यांचा, आईने शिवलेला. चकल्या लाल होऊन गेल्या होत्या. मला त्याचा राग येत होता आणि त्याचं खरं होतं, आणि या दोन्ही गोष्टी एकाच वेळी पोटात घेऊन मी उरलेलं पीठ तळून काढलं. तुमचाही राग आला. एक पिक्चर, बाबा. रेल्वेने तास-दीड तासाचा प्रश्न होता. म्हातारीची विहीर एक दिवस थांबली असती.

भाऊबिजेच्या सकाळी कुणी विषय काढला नाही. तो आंघोळ करून, कुर्ता घालून पुढच्या खोलीत बसून राहिला. मी पाट मांडला नाही. मीही तुमचीच लेक. दुपारी जेवणं झाली, त्याने श्रीखंड दोनदा घेतलं, कपाळ मोकळंच. मी ताट तयार केलं, निरांजन, सुपारी, कुंकू, अक्षता, एक करंजी, आणि त्यावर रुमाल टाकून त्याच्यासमोरून हॉलवर घेऊन गेले. दारात म्हटलं, ‘सहाला तिसरी घंटा आहे.’ तो म्हणाला, ‘पिक्चर साडेचारचा आहे.’ एवढंच बोलणं.

रंगपट म्हणजे हॉलमधली नवरीची खोली. भिंतीवर झगमग आरसे, कोपऱ्यात कुणाच्या तरी लग्नातली वाळक्या हारांची रास. माझ्या डोक्यावर पांढऱ्या केसांचा टोप, अंगावर लुगडं. बाकी सगळ्यांना मंडळातल्या बायकांनी ओवाळलं. त्यांना आधी ही रीत विचित्र वाटली, पण मग हौसेने उभ्या राहिल्या. धूलकोटच्या कलेक्टरला कुंकू लागलं तशी नात करणारी मुलगी म्हणाली, ‘पोंछ दो, ब्रिटिश लगना चाहिए ना.’ मी म्हटलं, हात लावलास तर बघ. काका तुमची घंटा मांडीवर घेऊन खुर्चीत बसले होते. मीच त्यांना दिली होती. पहिली घंटा झाली. दुसरी झाली. माझं ताट झाकलेलंच.

तिसऱ्याची वेळ झाली. मी म्हटलं, ‘काका, थांबा थोडं.’

‘लोकं कधीचे बसेल आहेत, पोरी.’

‘पाच मिनिटं.’

ते थांबले. बाहेर पोरांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, कंटाळल्याच्या टाळ्या. मी मागच्या दाराशी जाऊन रस्ता पाहून आले. दोन रिक्षा गेल्या, त्यात तो नव्हता. परत येऊन म्हटलं, ‘अजून थोडं.’

काका माझ्याकडे बघत राहिले. ‘तुझा बाप थांबला असता?’

‘नाही.’

‘मग?’

‘मी थांबते आहे. ते नव्हते थांबत म्हणूनच थांबते आहे.’

यावर त्यांनी मान हलवली, जणू पटलं. आणि मला काही कळायच्या आत घंटा वाजवली. म्हातारा तुमच्याच तालमीतला शेवटी. निरांजनातली वात तशीच राहिली, न पेटवलेली.

पडदा उघडला आणि मी बाहेर गेले. समोर अंधार, पण अर्ध्या खुर्च्या रिकाम्या आहेत हे अंधारातही कळतं. इकडेतिकडे मोबाइलचे उजेड. पंखे घरघरत होते. कुठेतरी एक लहान मूल करंजी मागत होतं. माझं पहिलं वाक्य होतं, ‘ही विहीर माझ्या सासऱ्याने खणली.’ ते मी म्हटलं. घसा असा आवळलेला की माझं मलाच नीट ऐकू आलं नाही. पुढचंही तसंच. पाटील आले, त्यांचे संवाद झाले, मग पुन्हा माझी पाळी. मी बोलत होते आणि मनात फक्त एवढंच चाललं होतं, की तो आता त्या गारेगार थिएटरमध्ये मोकळ्या कपाळाने बसला असेल. कशासाठी केलं मी हे? तीन महिने, इतकी भांडणं, भाजलेला हात. म्हातारीचा राग माझ्यात होता तसाच होता, बाबा, पण तो तोंडातून बाहेर येईना.

प्रवेश बराच पुढे गेला होता, कलेक्टर आपल्या कुंकवासकट येऊन उभा होता, आणि मी त्याला म्हणत होते, ‘साहेब, या पाण्यात माझं तोंड पाहिलेलं आहे.’ तेव्हा मागून, पार मागून, दारापाशी कुठेतरी, हाक आली.

‘आवाज!’

मी थांबले. कलेक्टर झालेला बँकेतला मुलगा घाबरून माझ्याकडे बघायला लागला, त्याला वाटलं मी विसरले. लोक माना वळवून मागे बघत होते. आता तो आवाज जाड झाला आहे, मधुमेही माणसाचा आहे. पण ओरडण्याची ढब तीच, शेवटचं अक्षर तोडून टाकायची, शेवटच्या बाकावरून पाय लोंबकळत ठेवून ओरडायचा तशीच. अंधारात मला काही दिसत नव्हतं आणि दिसायची गरजही नव्हती. पुढच्या वाक्यालाही त्याने तसंच ओरडून मला टोकलं. त्यानंतर मला टोकावं लागलं नाही. त्यानंतर जे झालं ते मी सांगणार नाही, काकांना विचारा, भेटतील तेव्हा. ते म्हणतात की रस्त्यावरचा पानवालासुद्धा दारात येऊन उभा राहिला. त्यांचं अर्धं सोडून द्या.

मध्यंतरात तो मागे आला. हातात अर्धवट पॉपकॉर्न. मागे भावजय, आणि तिच्या मागे तोंड फुगवून लेक. तीच बोलली आधी, ‘बुआ, पापा इंटरव्हल में ही उठ गए. हीरो अभी जेल में है. हमको पता भी नहीं आगे क्या हुआ.’ तो म्हणाला, ‘पिक्चर बकवास होता.’ काकांनी खुर्ची सोडली, त्याला बसवलं. मी टोप सारखा केला, काडी ओढून निरांजन पेटवलं आणि तुमच्या लेकाला ओवाळलं. मोठं कुंकू लावलं, मुद्दाम. तिसऱ्या घंटेनंतर ओवाळणं तुमच्या नियमात बसत नाही, पण नियम तुमचे, भाऊ माझा. तो करंजी खाता खाता म्हणाला, ‘पहिल्यापासून जोरात बोल ना, ताई. मी ओरडलो तोपर्यंत तिसऱ्या रांगेच्या मागे काहीच नव्हतं येत तुझं.’ जणू इतक्या वर्षांत मधे काही झालंच नव्हतं. मला त्याच्या डोक्यात ताट घालावंसं वाटलं. लेकीने खिशातून रुमाल काढून त्याचं कपाळ नीट करायला हात पुढे केला, कुंकू भुवईवर ओघळलं होतं. त्याने तिचा हात बाजूला केला. ‘रहने दे,’ म्हणाला. ‘पोंछते नहीं.’

दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा तिकिटं काढली आणि मला ओढून नेलं. दुपारचा खेळ. मी कुरकुर करत गेले. एसी इतका की शाल आणायला हवी होती, आणि पडद्यावरची माणसं कारण नसताना किंचाळत होती. हीरो जेलमधून सुटला. धाकटा माझ्या शेजारी बसून दर विनोदाला माझ्याकडे वळून बघत होता, मी हसते की नाही ते. मी हसले, काही वेळा खरंच. तुम्ही न्यायचं राहिलेला तो पिक्चर मी दाखवला त्याला, असं समजा, जरी तिकिटं त्याची होती. बाहेर आल्यावर त्याने विचारलं, ‘काय, मजा आली ना?’ मी म्हटलं, ‘आवाज फार होता.’

तो इंदूरला परत गेला. पुढच्या वर्षीचं काही बोलला नाही आणि मीही विचारलं नाही. मंडळवाले म्हणताहेत, पुढच्या खेपेला माइक लावूच. बघू. मी अजून रागावलेली आहे, बाबा. त्या बाकाबद्दल, त्या शर्टाबद्दल, दुसऱ्या रांगेत बसकण मारणाऱ्या आवाजाबद्दल, आणि घंटेबद्दल तर आहेच. जन्मभर कागद केलात तुम्ही, आणि आता तुम्हाला धाडण्यासारखा एक कागद त्यात नाही. हे पान घंटेच्या खाली दाबून ठेवते, रंगाच्या पेटीत.

एक राहिलं. हे धाकट्याला सांगितलेलं नाही, काकांनाही नाही. तो पहिल्यांदा ‘आवाज’ म्हणून ओरडला ना, तेव्हा माझा घसा एका क्षणात मोकळा झाला होता. पुढचं वाक्य मी सहज शेवटच्या भिंतीवर नेऊन आपटलं असतं. पण तो खरंच आला आहे हे मला अजून एकदा ऐकायचं होतं. म्हणून ते वाक्य मी मुद्दाम हळू म्हटलं.